जनूची बोट आणि माझा चार्ट

कारखान्याच्या ग्रुपवर उशिरा लिहितोय, माफ करा.

आज जनूला जाऊन वर्ष झालं, आणि मी दुपारपासून बोटीचं बुकिंग करत होतो.

वाचायला विचित्र वाटेल. पण तसंच झालं.

ग्रुपवर नवीन आहेत त्यांच्यासाठी, जनू म्हणजे शिरगावचा जनार्दन. बोईसरच्या कारखान्यात आम्ही चौघं तीस वर्षं एकाच शिफ्टला. मी, जनू, बबन आणि सुरेश. बबन आता गावी असतो, सुरेश मुलाकडे पुण्याला. मी इथेच, कुंभवलीत. जनूची घरची पानवेलीची वाडी. सकाळची शिफ्ट करून तो दुपारी वेलीत.

रिटायर झाल्यावर बायकांना घेऊन क्रूझला जायचं ठरलं. मुंबईहून गोवा आणि परत. कल्पना जनूची.

"जनमभर किनाऱ्यावरून बोटी बघितल्या. एकदा बोटीवरून किनारा बघायचा हाय."

बुकिंग माझ्याकडे आलं. मी सगळ्यात जास्त काळजी करतो, म्हणजे माझ्या हातून चूक होणार नाही, असं त्यांना वाटलं.

एजंटकडची मुलगी फोनवर म्हणाली, "काका, अर्ली बर्डमध्ये आठ जणांचं एकदम केलंत तर खूप स्वस्त पडेल."

अर्ली बर्ड म्हणजे लवकर बुकिंगची सूट, हे आता कळलं. तेव्हा मी ऐकलं, अर्ली बर्थ.

सातवी शिकलेला माणूस मी. गावी जाताना रेल्वेचं रिझर्वेशन केलेलं, तेवढाच अनुभव. म्हटलं, "आठही लोअर द्या. सगळ्यांचे गुडघे गेलेत."

ती हसली. नावं लिहून घेतली. म्हणाली, "होल्डवर ठेवते."

होल्ड म्हणजे वेटिंग, असं मी धरलं. चार्ट लागला की कन्फर्मचा मेसेज येईल. दिवसातून वीस वेळा मोबाईल बघायचो.

मेसेज आला तो ऑफर संपल्याचा.

होल्ड म्हणजे पैसे भरायला दिलेली तीन दिवसांची मुदत होती. आता भाडं जवळजवळ दुप्पट. आमच्यातल्या कुणालाच झेपणारं नव्हतं.

तसाच शिरगावला गेलो. जनू वेली बांधत होता. सगळं सांगितलं. तो वाफ्याच्या कडेला बसून हसायला लागला.

"बोटीला चार्ट? मदे पालघरला थांबणार हाय का बोट?"

"हसू नको रे. बबनला, सुरेशला काय तोंड दाखवू?"

"गप बस. मी बघतो."

तिथूनच त्यानं दोघांना फोन लावला. "यंदा माज्याच्यानं नाय जमणार. वेली सोडून कुटं येऊ? शिव्या द्या, पण नाय जमणार."

बबन, सुरेश, तुम्ही त्याला काय काय बोललात ते आठवा.

"बस तू पानं मोजत."

"वहिनींना घरामागचा समुद्र दाखव, तिकीट लागत नाही."

तो हसत ऐकत राहिला. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

महिन्याभरानं तो गेला. वाडीतच, सकाळी, कुणाला हाक न मारता.

तुमच्या मनात अजून असेल की जनूनं ऐनवेळी माघार घेतली. नाही घेतली. चूक माझी होती. हे लिहायला मला वर्ष लागलं.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर वहिनी ओटीवर येऊन बसल्या. मला वाटलं, आता रडतील.

"भावोजी, त्या बोटीचा काय झाला?"

सगळं सांगून टाकलं. चार्टसकट.

"ते मला यांनी त्याच दिवशी सांगितलेला. हसून हसून ठसका लागला त्यांना."

"मग आता?"

"आता वर्ष झाला. आता मी कुटं गेली तर कोण नाव ठेवणार नाय. ऑफर हाय का?"

ऑफर होती! दहा दिवस मी रोज ती उघडून बघत होतो. कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती.

"पण वहिनी, आठ जण लागतात. आपण सातच."

आतून जनूची बहीण हात पुसत बाहेर आली. "का? मी काय मेली हाय?"

वर्षश्राद्धाच्या दिवशी ओटीवर एवढा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. भटजीसुद्धा हसले.

तिथूनच फोन लावला. तीच मुलगी. या वेळी एकेका शब्दाचा अर्थ विचारला. होल्ड म्हणजे काय. डेक म्हणजे काय. बीपीच्या गोळ्या बॅगेत ठेवायच्या की खिशात. बोट हलली तर किती हलते. ती कंटाळली असेल, पण आम्हा नवराबायकोचे आणि त्या दोघींचे पैसे भरून झाल्यावरच मी फोन ठेवला. कन्फर्म. तीनदा वाचलं.

खिडकीच्या खोल्या मिळाल्यात!

मला पोहता येत नाही. "घाटावरच्या, बुडलास तर मी काढीन, पण बोंबलू नको," म्हणायचा जनू. आता लाईफ जॅकेटवर भागवावं लागेल.

जनू, माझ्यासाठी तू मित्रांच्या शिव्या खाल्ल्यास आणि गेलास. आज चारचौघांत सांगितलं. उशीर झाला. तुला मनापासून नमस्कार, मित्रा.

आणि बबन, सुरेश. तुमच्या चार जागा शनिवार संध्याकाळपर्यंतच होल्डवर आहेत. तुम्ही नाही आलात तर आठ होत नाहीत, मग आमचंही स्वस्त भाडं जातं आणि वहिनींचं जाणंही.

रागवा. मला वाटेल ते बोला. पण फोन करून बोला. ग्रुपवर नुसता अंगठा टाकू नका. अंगठा म्हणजे "येतो" की "वाचलं", हे मला अजून कळत नाही.

आत्ताच वहिनींचा फोन येऊन गेला. बोटीवर गार वारा असतो का, स्वेटर घेऊ का, विचारत होत्या.

काय सांगू त्यांना? लवकर कळवा रे.