थोरलीची साक्ष

गिरणीत सूत बॉबिनवर गुंडाळायच्या खात्यात तिला सगळ्या ‘थोरली’ म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही शेजारच्याच यंत्रावर होती. विधवा बाई, पदरात दोन मुली. सारा जीव नोकरीत. युनियनची माणसं फाटकापाशी दिसली की ती फटकारायची, "जा बाबांनो, आमच्या पोटावर पाय आणू नका."

एका सकाळी धाकटीची वेणी यंत्राच्या चालत्या पट्ट्यात सापडली. यंत्र थांबवायची कळ खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला. थोरली किंचाळत धावली, पण ती पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. धाकटीचा जीव वाचला, एवढंच. डोक्याची कातडी केसांसकट सोलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने थोरलीला बोलावून चक्क खुर्ची दिली.

"तिचे केस मोकळे होते, एवढं चौकशीत सांग. मग उद्यापासून खात्याची मुकादमीण तूच."

थोरली बसलीच नाही. "साहेब, वेणी मीच घातली होती. घट्ट, चापूनचोपून. तुमच्या पट्ट्यावर झाकण नाही, ते आधी बघा."

तिथून ती तडक फाटकाशी गेली. "बायकांना घेता का तुमच्यात?"

"घेतो की," युनियनचा म्हातारा विणकर म्हणाला. "संध्याकाळी सभेला या."

"आणि चूल तुम्ही पेटवणार?"

म्हातारा ओशाळला. सभा जेवणाच्या सुट्टीत, गिरणीच्या अंगणातच ठरली. थोरली बोलायला उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. नुसती रडली. पण भोंगा झाला तरी एकही बाई जागची हलली नाही. विणकर आधी खिडक्यांतून बघत राहिले. मग एकेक माग थांबत गेला.

संप लांबला. घरात डबे रिकामे झाले. अंथरुणावरून धाकटी म्हणाली, "जाऊबाई, माझ्यापायी पोरी उपाशी निजतात. जा ना परत."

"तुझ्यापायी नाही गं. उद्या त्यांनाही त्याच यंत्रांवर उभं राहायचंय."

अखेर पट्ट्यांवर लोखंडी झाकणं बसली, प्रत्येक यंत्राला हाताशी कळ आली. धाकटीला भरपाई मात्र मिळाली नाही, आणि ती पुन्हा गिरणीत गेली नाही. थोरलीला मालकाने टाकाऊ कापसाच्या कोंदट खोलीत टाकलं. तिथला खोकला तिला जन्माचा चिकटला.

पण तोवर बायका युनियनमध्ये इतक्या आल्या होत्या, की कमिटीत त्यांची जागा ठेवावीच लागली. थोरली तिथे फारसं बोलत नसे. ‘बायकांचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, की खोकला आवरून म्हणायची, "आत्ताच बघू." आणि बघावं लागायचं.