सीट कुणी फाडली

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, सख्ख्या भावाला माहीत नाही — भावाला तर सांगूच शकत नाही, कारण त्या दिवशी त्याचाही हात चालला होता. तू ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी परत गप्प बसेन.

गोष्ट बाईकच्या सीटची आहे. हसलास ना? हस. मीही आधी हसण्यावारीच नेत होतो.

राहतो मुलुंडला, घाटकोपरला माझं फ्लेक्स छापायचं दुकान. दिवसभर बाईकवर — अंधेरी, बोरीवली, जिथे ऑर्डर तिथे. नवी बाईक घेतली तेव्हा तिच्यावर आलेली सीट मला बघवेना. फुगलेली, मऊ. मित्रांसमोर म्हटलं, ही सीट आहे की आजीची गादी? काढून माळ्यावर टाकली आणि बाहेरून नवी बनवून घेतली — पातळ, सपाट, तपकिरी रेक्झिन, चौकड्यांची शिलाई. काय दिसायची यार! सिग्नलला पोरं वळून बघायची. आमच्या ग्रुपमधल्या एकाने आत मऊ जेल भरलेली जाड सीट टाकली, तर मी त्याला ‘आजोबा, औषध घेतलं का’ म्हणून इतका पिडला की त्याने रविवारच्या राईडला येणंच सोडलं.

आणि माझी कंबर? महिन्याभरात गेली. अंधेरीला पोहोचेपर्यंत मांड्या बधिर. रात्री पालथा झोपायचो. बायको, स्मिता, एकदाच मागे बसली — बोरीवलीला, तिच्या माहेरी जायला. उतरली आणि म्हणाली, दिसायला झकास आहे, बसायला तूच बस. तेव्हापासून ती रिक्षाने. सांगणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एवढा तोरा मिरवल्यावर गादी परत लावली असती, तर ग्रुपने मला जन्मभर सोडलं नसतं.

आता दिनेश. आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, स्कूटर चालवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझी बाईक त्याच्या स्कूटरला आडवी लागायची — लागायची म्हणजे मीच लावायचो. एकदा त्याचाही तोल गेला. गेटपाशी, चार लोकांसमोर ओरडला, “परत आडवी लावलीस ना, तर सीट फाडून ठेवीन तुझी.” बोलण्याची गोष्ट रे. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. माझ्या तर नाकावरच राग, मला माहीत नाही का?

थांब. सांगतो.

रविवारची दुपार होती, जेवून सगळी बिल्डिंग झोपलेली. मी खाली गेलो. दुकानातला कटर खिशात होता. कॅमेरा फक्त गेटवर आहे हे मला ठाऊक होतं. मी माझी सीट फाडली. मीच. पुढून मागपर्यंत, मग आडवी, मग परत — फोम बाहेर लोंबेपर्यंत. खरं सांगू? बरं वाटलं. कुणीतरी फाडली म्हणायचं आणि गुपचूप मऊ सीट टाकायची, एवढाच विचार होता. कुणीतरी. नाव डोक्यात नव्हतं — हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच पटत नाही.

संध्याकाळी बोंब ठोकली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझा भाऊ सचिन आला, बरोबर त्याचे दोन मित्र. कुणावर संशय आहे, त्याने विचारलं. मी फक्त दिनेशच्या दाराकडे बघितलं. गेटवरचं भांडण सचिनच्या कानावर होतंच.

दिनेश बनियनवर होता, चहा पीत. तसाच ओढत पार्किंगमध्ये आणला. पहिली कानाखाली मी मारली. हो, मी — सचिनच्या आधी. नाही रे, आईशप्पथ नाही, म्हणत होता. सचिनने हेल्मेट फिरवलं ते त्याच्या कानावर बसलं. तो माझ्याच बाईकच्या चाकापाशी पडला. मग लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज येतो, तुला माहितीये? मलाही माहीत नव्हतं. त्याची बायको मध्ये पडली, तिला कुणीतरी ढकलली. मुलगी, बारावीतली, जिन्यात उभी होती. दिनेशने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो. मीच फाडली. सोडा आता.”

ऐकलंस? न केलेलं कबूल केलं त्याने. सगळे थांबले. सचिनसुद्धा थांबला. मी नाही थांबलो. मला असा राग आला — हा खोटं का बोलतोय? मला खरं ठाऊक असताना, माझ्या तोंडावर? केसांना धरून उठवला आणि तोंडावर बुक्की हाणली. दात पडले त्याचे. त्या दिवसातला सगळ्यात जोराचा फटका तो होता.

पोलिसांत तो गेला नाही. चारचौघांत कबूल केल्यावर काय तोंडाने जाणार? सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, नवी सीट दिनेशने करून द्यायची. दिली बिचाऱ्याने. मी सगळ्यात जाड फोमची निवडली, वर जेल. ग्रुपला सांगितलं, घाईत मिळाली ती टाकली. स्मिता आता मागे बसते. कंबर बरी आहे. दिनेशला त्या कानाने ऐकू येत नाही. जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून उभा राहतो, मला वाट देतो.

सांगता आलं असतं. तो हॉस्पिटलात होता तेव्हा, मीटिंगमध्ये, कधीही. घाबरलो म्हणू? घाबरलो होतोच. पण खरं त्याहून वाईट आहे — सगळं माझ्या सोयीचं झालं होतं.

मीटिंगनंतर काही दिवसांनी त्याची मुलगी वर आली. दारातच उभी राहिली, मान खाली. म्हणाली, “काका, बाबांनी केलं त्याबद्दल सॉरी. ते असे नाहीत हो.” स्मिता माझ्या मागेच उभी होती. मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे गं. मी माफ केलं त्यांना.”