हवेत गेलेली भुकटी

चकतीमास्तरांचं आयुष्यात एकाच गोष्टीशी वैर होतं, ते म्हणजे पाण्याशी. आंघोळीच्या नव्हे, तसा माणूस स्वच्छ होता. दगड कापताना पात्यावर जी धार सोडतात, त्या पाण्याशी. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला जिना उतरून गेलं की डाव्या हाताची दुसरी खोली त्यांची. तिथे काचेच्या पेटीत बसवलेली एक लहानशी करवत होती, तिला हिऱ्याची पूड लावलेलं पातळ गोल पातं, शेजारी वजनकाटा, आणि भिंतीत एक पंखा, जो धूळ ओढून मागच्या गल्लीत टाकायचा. आभाळातून पडलेले दगड या खोलीत यायचे आणि मास्तर त्यांच्या चकत्या करायचे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

पाण्याशी वैर अशासाठी, की त्या दगडांत लोखंडाचे कण असतात. पाणी लागलं की महिन्याभरात तांबेरा धरतो. "साडेचार अब्ज वर्षं कोरडा राहिला आणि माझ्या हातात येऊन गंजला, तर मी तोंड कुणाला दाखवू?" असं ते विचारायचे, जणू दगडाचे नातेवाईक दारात उभे आहेत. पूर्वी पाण्याऐवजी स्पिरिट वापरायचे. एकदा ठिणगी पडली, टेबलानं पेट घेतला, मास्तरांच्या भुवया गेल्या आणि कार्यालयानं स्पिरिट बंद केलं. तेव्हापासून मास्तर कोरडंच कापायचे. दोन रेघा कापायचं, थांबायचं, पातं निवू द्यायचं, पुन्हा दोन रेघा.

इथवर ठीक होतं. पण शहाण्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही, आणि मास्तर फारच शहाणे होते. नियम असा होता की दगड कापण्याआधी तोलायचा; कापल्यावर चकत्या, उरलेला तुकडा आणि पेटीतून कुंचल्यानं गोळा केलेली भुकटी, सगळं पुन्हा तोलायचं. जे कमी भरेल ती घट. वहीत घटीपुढे कारण लिहावं लागे, आणि मास्तर नेहमी एकच शब्द लिहीत: हवेत. पंखा चालू असला की लिंबाएवढ्या दगडामागे दोन ग्रॅम घट यायची. आता या दगडांची चिमूटभर भुकटी मिळावी म्हणून परदेशातले विद्वान पत्रं लिहून लिहून थकायचे, आणि इथे दोन-दोन ग्रॅम गल्लीत. मास्तरांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, दाराच्या फटीत फडकं कोंबलं. यंत्र चालू असताना पंखा चालू ठेवावा, अशी पाटी भिंतीवर होती. तिच्यावर त्यांनी आपला कोट टांगला. घट दोन ग्रॅमवरून ग्रॅमच्या दहाव्या हिश्शावर आली. मास्क लावला की श्वासानं चष्म्यावर वाफ धरायची आणि केसाएवढी रेघ दिसायची नाही, म्हणून मास्क हनुवटीखाली.

संग्रहाच्या प्रमुख बाईंनी भर बैठकीत सांगितलं, की मास्तरांच्या हाताला तोड नाही. एवढी कमी घट येते कशी, हे कुणी विचारलं नाही. माझ्या मते विचारायला हवं होतं, पण बिनबोभाट चाललेल्या कामात कोण नाक खुपसतो?

शनिवारी शाळांच्या सहली यायच्या. बाई तेव्हा मास्तरांना वर बोलवायच्या, कारण पदवीवाले बोलायला लागले की मुलं जांभया द्यायची. मास्तर सुरुवात धुळीपासून करायचे. सूर्य नुकता पेटलेला, आणि त्याच्याभोवती नुसता वायू आणि धूळ गरगरतेय. कणाला कण चिकटला. खाटेखाली केराचा गोळा होतो ना, तसाच. गोळ्यांचे खडे झाले, खड्यांचे डोंगर, आणि अंग डोंगराएवढं झालं की त्याला ओढ येते, मग ते शेजाऱ्याला गिळतं. जो सगळ्यांना पुरून उरला तो ग्रह. सूर्याजवळ बर्फ टिकायचा नाही, म्हणून तिथले ग्रह दगडाचे आणि चणीनं लहान. लांब बर्फाला तोटा नव्हता. तिथले अवाढव्य झाले आणि भोवतालचा वायूही ओढून बसले. मधल्या पट्ट्यातल्यांना मात्र एकत्र येऊच दिलं नाही. शेजारी गुरूसारखा दांडगा, तो सारखी ओढाताण करायचा, म्हणून ते तुकडे तुकडेच राहिले. तेच लघुग्रह. "असा एक गुरू प्रत्येक कुटुंबात असतो," मास्तर म्हणायचे, आणि बरोबर आलेल्या शिक्षिका हसायच्या.

मग ते चकत्या काढायचे. पहिली लोखंडाची, चकचकीत, आडव्यातिडव्या पट्ट्यांची. एक अंग मोठं झालं, आतून वितळलं, जड लोखंड पोटात बसलं आणि हलका दगड सायीसारखा वर आला. पोटातलं लोखंड निवायला इतका वेळ लागला की दहा लाख वर्षांत मोजके अंश. मग कुणीतरी येऊन आदळलं आणि पोट फुटलं. "हे त्या पोटातलं," असं म्हणून ते ती चकती मुलांच्या हातात द्यायचे. दुसरीत गोल गोल दाणे. ती कधीच न वितळलेल्या अंगाची, म्हणून सगळ्यांत जुनी. तिसरी फिकट, नखाएवढी, चंद्राची. पृथ्वी लहान असताना ग्रहाएवढं एक धूड तिच्यावर आदळलं, आणि उडालेल्या ढिगाऱ्यातून चंद्र जमला. बाकीच्या ग्रहांचे चंद्र निराळे. काही त्यांच्याभोवतीच जमले, काही वाटेवरचे भटके, धरून ठेवलेले.

"धूमकेतूची चकती दाखवा ना," असं एखादी मुलगी म्हणायचीच.

"तो हाती लागायचा नाही, बाळ. तो लांबच्या थंडीत झालेला. बर्फ आणि धूळ. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते, तीच त्याची शेपूट. प्रत्येक फेरीला थोडा थोडा झिजतो."

"मग शेवटी?"

"शेवटी काही उरत नाही," मास्तर म्हणायचे, आणि खोकायचे. हा खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बायको म्हणायची, थंडीचा आहे. उन्हाळ्यात म्हणायची, उन्हाचा आहे. संध्याकाळी ती त्यांचा सदरा अंगणात झाडायची आणि पुटपुटायची, "अख्खं आभाळ अंगावर घेऊन येतात, आणि झाडायचं मी."

त्यांना दोन मुली. थोरली लग्न होऊन दूर गेली. धाकटी बापाच्या वळणाची. लहानपणी खेळणी सोडून चकत्या उजेडात धरून बसायची. मास्तरांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनीच बाईंकडे तिच्यासाठी शब्द टाकला. ते स्वतः शेजारच्या खोलीत चकत्या घासायला बसू लागले आणि करवत धाकटीकडे आली. या गोष्टीला सहा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी तिनं घट बापापेक्षा कमी आणली. "कानामागून आली आणि तिखट झाली," मास्तर सगळ्यांना सांगत सुटले. रोज संध्याकाळी दारात उभं राहून ते एकच प्रश्न विचारायचे: "आज घट किती?" आकडा ऐकला की त्यांना रात्री झोप चांगली लागायची.

खोकल्यातून रक्त आलं तेव्हा बायकोनं त्यांना दवाखान्यात ढकललं. छातीचा फोटो निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?"

"दगड कापतो."

"पात्यावर पाणी सोडत असाल ना?"

"छे. गंजतो."

"धूळ ओढायला पंखा असेल की?"

"आहे, पण बंद ठेवतो," मास्तर ऐटीत म्हणाले. "घट येते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि वरच्या भागातले पांढरे ठिपके दाखवले. जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडते, त्या म्हणाल्या. जी दिसत नाही ती आत जाते, तिथेच राहते, आणि तिच्याभोवती गाठ धरते. ती काढता येत नाही. काम सोडलं तरी गाठी वाढू शकतात.

"किती असेल आतमध्ये?" मास्तरांनी विचारलं. ते पडले वजनकाट्याचे माणूस.

"किती म्हणजे? चिमूटभर पुष्कळ झाली."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पंखा चालू असताना दोन ग्रॅम जायचे, ते गल्लीत जायचे. पंखा बंद केल्यावर ग्रॅमचा दहावा हिस्सा जायचा. तो कुठे जायचा? खिडकी बंद, दार बंद, फटीत फडकं. त्या खोलीत हवा ओढणारं दुसरं कोण होतं? पंखा बंद होता, मास्तर चालू होते. पंखा बंद केल्यापासून वहीत जे हवेत म्हणून लिहिलं, ते हवेत राहिलंच नव्हतं. आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण गेली सहा वर्षं त्या खोलीत ते नव्हते, धाकटी होती.

इथे कुणीही सरळ मनाचा माणूस उठला असता आणि धावत गेला असता. मास्तर घरी गेले. फोटो कपाटावर चादरींच्या खाली सारला आणि बायकोला सांगितलं, छातीत कफ आहे. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांची कीवही येते. पोरीला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी तुला शिकवलं, मी तुला तिथे बसवलं, आणि रोज संध्याकाळी शाबासकी दिली. तोंडाशी आलेलं वाक्य ते गिळायचे. सकाळी लवकर जाऊन त्यांनी पंखा चालू केला. धाकटीनं तो बंद केला. त्यांनी पाटीवरचा कोट काढून नेला. तिनं आपली ओढणी टांगली. संध्याकाळी ते दारात थांबेनासे झाले.

"बाबा, हल्ली घट विचारत नाही?" तिनं एकदा विचारलं. मास्तर चष्मा पुसत बसले.

त्याच आठवड्यात नवा दगड आला. कुठल्याशा घराच्या पत्र्यावर पडलेला, कोळशासारखा काळा, वजनाला हलका, बोट लावलं तर भुगा होईल असा. बाईंना तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. हा दगड फार लांबून आलेला असावा, धूमकेतूंच्या गोतावळ्यातला असावा, असं त्यांना वाटत होतं. त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये, स्पिरिटचा वासही नको, आणि कण वाया जाता कामा नये. खिडकीला चिकटपट्टी लावायची ठरली. कागदावर बाईंनी स्वतः लिहिलं: चकतीमास्तरांच्या पद्धतीनं कापावा. तो कागद मास्तरांनी दोनदा वाचला. आपलं नाव कधी कागदावर यावं ही त्यांची जुनी हौस होती.

सकाळी ते आले तेव्हा करवत सुरू झाली होती. दाराच्या काचेतून त्यांनी पाहिलं. पेटीत काळं धुकं उठलं होतं. धाकटीनं यंत्र न थांबवताच झाकण उचललं आणि रेघ नीट दिसावी म्हणून तोंड अगदी जवळ नेलं. मास्क हनुवटीखाली होता. धुकं तिच्या चेहऱ्यापर्यंत आलं आणि मग दिसेनासं झालं.

मास्तर दार लोटून आत गेले. "थांबव ते."

"अर्धा झालाय, बाबा. दार लावा आधी."

"थांबव म्हणतो ना."

तिनं ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा घरघरला. पेटीतली काळी भुकटी दोरीसारखी वर उचलली गेली आणि भिंतीच्या भोकातून निघून गेली. धाकटीनं यंत्र बंद केलं. ती रिकाम्या पेटीकडे बघत राहिली, मग बापाकडे.

"तुम्ही हे केलंत?" ती हळू म्हणाली. "तुम्ही?"

आज सांगायचंच म्हणून घरून आणलेलं फोटोचं पाकीट मास्तरांनी कोटाच्या आतून काढलं, फोटो दिव्यासमोर धरला. तिनं दुसरं टोक धरलं. ठिपके काय आहेत, कशाचे आहेत, त्यांनी सांगितलं. पंख्याचं सांगितलं. जी घट ती आणायची आणि जिच्यावर ते खूश व्हायचे, ती कुठे जाते तेही सांगितलं. तिनं फोटो पाकिटात सरकवला. मग पाकिटावरची तारीख वाचली.

"नऊ दिवस झाले याला."

"हो."

"नऊ दिवसांत मी चार दगड कापले, बाबा."

मास्तरांनी पाटीवरची तिची ओढणी काढली आणि घडी करून टेबलावर ठेवली. 

दुपारी ती त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. फोटोची खोली तळघरात होती. मास्तरांना आत येऊ दिलं नाही. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.  मग धाकटी बाहेर आली, हातात मोठं पाकीट, तोंड पुसलेलं.

"काय म्हणाल्या?" मास्तर उठून उभे राहिले. "सांग ना गं. काय निघालं?"

तिनं पाकीट छातीशी धरलं.

"नऊ दिवसांनी सांगते," ती म्हणाली, आणि जिन्याकडे वळली. मास्तर तिच्या मागून चढू लागले. जिना बारा पायऱ्यांचा होता. धाकटी एकतीस वर्षांची. ती मधे दोनदा थांबली.