वीस चौरस मीटरची चटई

चटईवालीचे हात चटपटीत आणि तोंड त्याहून चटपटीत. काड्या भिजवताना देवाचं नाव घ्यायचं, आणि नावाच्या अधेमध्ये शेजारणीला दोन टोमणे हाणायचे, असा तिचा दिवस जायचा. मापं आणि हिशेब मात्र नवऱ्याकडे. तो गेला आणि घरामागच्या तिच्या शेडवर दिराची नजर गेली. त्याला दुकानाचं सामान ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "वहिनी, एक काम एकटीने निभावून दाखवा. जमलं तर शेड तुमची. नाही जमलं तर उगाच जीव कशाला आटवायचा?"

काम आलं तेही देवाच्या दारचं. नव्या प्रार्थनागृहाच्या व्यवस्थापकाने तोंडी निरोप धाडला, गार फरशीवर अंथरायला वीस चौरस मीटर चटई हवी. आत गिलावा चालू होता, त्यामुळे जागा बघता आली नाही. ही जन्मभर फुटात विणत आलेली. मीटर म्हणजे सव्वातीन फूट, एवढं तिला पाठ होतं. विसाला सव्वातीनने गुणलं, पासष्ट चौरस फूट आले. दिराला विचारलं, त्यानेही बोटांवर गुणून मान डोलावली.

चटई अशी देखणी उतरली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. सासूबाई काठी टेकत बघायला आल्या.

"छान झालीय गं. माणसं किती बसायचीत?"

"चाळीस."

"हिच्यावर? मग एकमेकांच्या मांडीवर बसव."

चटईवाली हसली नाही. तिने खडू घेतला, शेडच्या जमिनीवर मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद चौकोन आखला आणि त्यात फुटाफुटाचे चौकोन पाडले. नऊ अख्खे बसले. दोन बाजूंना उरलेल्या पट्ट्या मिळून आणखी पावणेदोन. म्हणजे एका चौरस मीटरला पावणेअकरा चौरस फूट. विसाचे दोनशे पंधरा. विणून झालेली चटई त्याचा तिसरा हिस्साही नव्हती.

"लांबी वाढवलीस, रुंदी काय माहेरी ठेवून आलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, शेड गेली हो."



व्यवस्थापकाने पासष्ट चौरस फूटच सांगितले होते, असं म्हणून हात झटकता आले असते. तिच्या मनात आलंही ते. पण देवापुढे हात जोडले आणि त्याच्याच घराबद्दल खोटं बोलायला जीभ रेटेना. चटई डोक्यावर घेऊन ती तडक प्रार्थनागृहात गेली.

"रविवारी उद्घाटन आहे, बाई," व्यवस्थापक कपाळाला हात लावून म्हणाला.

"गणित माझं चुकलं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हिच्यावर बसवा. बाकीच्यांना थोडे दिवस घरून बसायला काहीतरी आणायला सांगा. उरलेली मी विणून देते."

त्याने चटई उलटी करून पाहिली, कडा ओढून पाहिल्या. "महिन्याच्या आत द्या. आणि वीण हीच पाहिजे."

परत आली तर दीर शेडच्या दाराशी उभा. दोन खोकीही आणून ठेवलेली. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हणजे नाहीच जमलं," तो म्हणाला.

"मान कुणी डोलावली होती रे?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

दीर खडूच्या चौकोनाशी उकिडवा बसला. एकदा मोजलं, मग बोट ठेवून पुन्हा मोजलं.

"मला वाटलं, नुसतं सव्वातीनने भागतं."

"मलाही तेच वाटलं, भाऊजी."

"व्यवस्थापक रागावला असेल."

"रागावला. पण काम काढून नाही घेतलं."

 दीर उठला, एक खोकं खांद्यावर घेतलं, दुसरं काखेत मारलं.

"दुकानात करतो जागा कुठेतरी," तो म्हणाला. "तुम्ही काड्या भिजत घाला."