गाठी न धरलेला वाल

बायकोचं बाळंतपण झालं की निघायचं, एवढ्या बोलीवर मी सासुरवाडीला आलो आणि मुलगी बालवाडीत जायला लागली तरी तिथेच होतो. घरजावई हा शब्द माझ्यासमोर कुणी काढत नसे. पाठीमागे काढत, पण बदलापूरजवळच्या त्या गावात घरांच्या भिंती कुडाच्या, त्यामुळे समोर आणि पाठीमागे यात फारसा फरक नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आमच्या दोन खोल्यांत दोन भावांचे संसार मावले होते. मी परत गेलो असतो तर ओट्याखाली झोपलो असतो.

नोकरी अंबरनाथला, जिवाणू खत बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. काळ्या भुकटीत जिवाणू मिसळायचे आणि पाकिटं भरायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या कारखान्याला नाशिककडे शेतांवर फिरणारा माणूस हवा होता. राहायला क्वार्टर मिळणार होतं. साहेब म्हणाले, "आधी घरच्या शेतात करून दाखव. मुळांवर जिवाणूंच्या गाठी दिसल्या की तुझं नाव पुढे करतो."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "क्वार्टरला नळ आतच असेल ना हो?" तिला माहेरी राहून माहेराचा इतका कंटाळा आला होता.

भात कापून झाल्यावर सासऱ्यांनी वालासाठी मला एक तुकडा दिला. बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेली भुकटी चोळली, सावलीत सुकवलं, पेरलं. यात दुसरं काहीही टाकायचं नाही, असं सासऱ्यांना बजावलं. सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांना काही सांगायची माझी सवयच नव्हती. त्या वाढत आणि मी जेवत असे.

रोपं वर आली आणि पिवळट पडली. बांधावरून जाणारे विचारू लागले, "काय जावईबापू, तुमच्या वालाला कावील झाली काय?" मी हसून म्हणायचो, "जिवाणूंना जरा वेळ लागतो." मग थोड्या दिवसांत माझा तुकडा असा काही काळपट हिरवा झाला की मीच वाट वाकडी करून त्याच बांधावरून जाऊ लागलो. कारखान्यात तर मी जिवाणूंबद्दल घरची माणसं असल्यासारखा बोलत होतो.

साहेब आले. खुरप्याने एक रोप मुळासकट काढलं, माती झटकली. मूळ स्वच्छ. दुसरं काढलं, तेही स्वच्छ. एक गाठ नाही.

"युरिया टाकलास?"

"एक दाणा नाही, साहेब. मुलीची शपथ."

सासूबाई ताकाचा तांब्या घेऊन मागेच उभ्या होत्या. "दाना कशाला? चांगल्या ओंजली भरभरून टाकल्या मी. हंड्यानी पानी पन घातला. जावयाचा वाल पिवला, लोकां हसत व्हती."

साहेबांनी ताक घेतलं. मग मला म्हणाले, "मुळाला नायट्रोजनची भूक लागली की ते मातीत एक रसायन सोडतं. ते ओळखून जिवाणू आपलं रसायन धाडतात. मग मूळ त्यांना आत घेतं, गाठ धरते. याला आयतं मिळालं. आता हे कशाला कुणाला हाक मारेल?" असं म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, असं बायको आजही सांगते. मी त्या वेळी खाली बघत होतो, त्यामुळे माझ्याही नजरेस पोटच पडलं.

नाशिकला दुसरा माणूस गेला.

"सायेब नाराज कशाला झाला?" सासूबाई विचारत राहिल्या. "येवढा हिरवागार वाल!" बायको आठवडाभर आईशी बोलली नाही. आईला वाटलं, पोरीला जागा अपुरी पडते. त्यांनी सासऱ्यांच्या मागे लागून घराला लागून आमच्यासाठी एक पक्की खोली काढायला लावली.

भिंती उठू लागल्या तेव्हा बायकोने विचारलं, "हिला बाहेरून दार कुठाय?"

"बाहेरून कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "सैपाकघरातून हाय ना. गरम भाकर हातात घेऊन आंगनाला वलसा घालू काय मी?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आता हा काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असावं. मी पाटी उचलली आणि गवंड्याला विटा द्यायला लागलो.