आधी सेव्ह, मगे प्लग

मालवणच्या त्या वर्गात मी गेले ती भांडतच. तोवर माझं काम पत्रकं लिहिण्याचं. बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी, जेटीवरच्या दिव्यांसाठी, मोबाइलच्या टॉवरसाठी. नाक्यानाक्यावर डिजिटल जिल्ह्याचे फलक, आणि आमच्या वाडीत फोन लावायचा तर देवळामागच्या उंच कातळाच्या सड्यावर चढायचं. यावर पत्रक लिहीत होते तेव्हा एकाने विचारलं, "टॉवरातसून रेंज घरात येता कशी, ता तुका म्हायत आसा काय?" नव्हतं. रागाच्या भरात तीन महिन्यांच्या नेटवर्किंगच्या कोर्सला नाव घातलं.

पुस्तक अख्खं इंग्रजीत. मी पहिल्याच दिवशी सरांना विचारलं, हे कुणासाठी छापलंय? सर म्हणाले, "बाय, मी छापलेलं नाही." मग मला जे येत होतं तेच मी केलं. पत्रक काढलं. "बंधुभगिनींनो, केबलीतल्या आठ तारांचा क्रम" असा मथळा, आणि खाली केबल जोडण्यापासून सेव्ह करण्यापर्यंत प्रत्येक पायरी मराठीत, एका ओळीत एक. झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटलं.

ते सगळ्यात मनावर घेतलं माझ्या बाकावरच्या वहिनीने. नात्यातली नव्हे, अख्ख्या वर्गाचीच ती वहिनी. नवरा ट्रॉलरवर, मुलगी चौथीत. एका खासगी दवाखान्यात तिला कॉम्प्युटरवरची नोकरी कबूल झाली होती, पण प्रमाणपत्र दाखवलं तरच. नाहीतर नणंदेकडे मुंबईला जाऊन मिळेल ते काम. "मगे पोरगी माका गणपतीत नायतर मेच्या सुट्टीत दिसतली," एवढंच ती एकदा म्हणाली होती. माझं पत्रक तिने मासळी साफ करता करता पाठ केलं, तेही भजनाच्या चालीवर.

परीक्षा जोडीने द्यायची होती. जोडीतला एक चुकला की दोघंही नापास. दिवस ऑक्टोबरातला, दुपारची वेळ, परीक्षक पुण्याचे. सहा मशिनं केबलीने एका स्विचला जोडायची. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या केबली ज्याच्यात येऊन मिळतात तो डबा. त्याला सांगायचं, ऑफिसची मशिनं एका गटात, पाहुण्यांची दुसऱ्या. सांगून झालं की ते सेव्ह करायचं, नाहीतर वीज जाताच तो डबा सगळं विसरतो. वहिनीने केबली केल्या, टाइप मी केलं. सेव्ह तेवढं राहिलं होतं.

आणि घाटावरून गडगडलं.

आमच्याकडे ढग गडगडला की घरातलं कुणीही विचार करत नाही. टीव्हीचा प्लग, फ्रिजचा प्लग, डिशची वायर, सगळं निघतं. विजेने जळालेला एकतरी टीव्ही प्रत्येक घराने पाहिलेला असतो. वर्गातले दहाच्या दहा जण उठले आणि प्लग काढून मोकळे झाले. पुण्याचे साहेब खुर्चीत बसून बघत राहिले. बाकीच्या चार जोड्यांनी सेव्ह केलेलं होतं.

"केल्लंस काय गो सेव्ह?" वहिनीने विचारलं.

माझ्या हातात प्लग होता. मी मान हलवली. नाही.

साहेब म्हणाले, "प्लग लावा. अर्धा तास राहिलाय."

"साहेब, ढग दर्यावर जांव देत," वहिनी म्हणाली. "मशीन जळला तर परीक्षा कशावर घेतलास?"

ढग जायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं वाढवून मिळाली पाहिजेत, हा आमचा हक्क आहे, इथल्या विजांची माहिती नसलेले परीक्षक पाठवतातच कसे, असं मी सुरू केलं. वहिनीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "भाषण मगे कर. आधी टाइप कर."

पत्रक बाहेर दप्तरात होतं, आणि माझंच लिहिलेलं मला आठवेना. वहिनी हळू आवाजात चालीवर म्हणू लागली. एक ओळ तिने म्हणायची, एक मी टाइप करायची. तिसऱ्या पायरीला मी घाईत गट उलटे घातले. ती थांबली, म्हणाली, "पाहुणे खंय बसवतंस? रांधपघरात?" मी हसले, खोडलं, पुन्हा घातलं. शेवटची ओळ सेव्हची होती. ती तिने दोनदा म्हटली.

ऑफिसच्या एका मशिनावरून दुसऱ्याला हाक दिली, उत्तर आलं. पाहुण्यांच्या मशिनाला दिली, उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं, गट वेगळे. साहेबांनी स्वतः स्विचचा प्लग काढला, लावला, परत तपासलं. मग सही केली.

वहिनी आता त्या दवाखान्यात बसते आणि पाचला घरी जाते. मी तालुकाभर ऑफिसांतून आणि होमस्टेतून केबली ओढत हिंडते. पुस्तकं अजून इंग्रजीतच आहेत आणि मी अजून भांडते. पण जिथे स्विच बसवते, तिथे भिंतीवर माझ्या अक्षरातला एक कागद चिकटवते: "गडगडूक लागला की आधी सेव्ह, मगे प्लग."

परवा दुपारी आभाळ वाजलं आणि वहिनीचा फोन आला.

"केलंय गो सेव्ह," ती म्हणाली. "आता काढतंय."

मागे तिची मुलगी कसलीशी कविता घोकत होती. शाळा सुटली की ती दवाखान्यातच येऊन बसते.