पहिलटकरणीचं ताट

माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून त्या कोणालाही वाईटच वाटतील, आणि अधूनमधून मलाही वाटतात.

मी देवासची, दिली धारला. घरात तिघंच: यजमान, ते संस्थानच्या दप्तरात कारकून, सासूबाई आणि मी. मला पहिल्यांदा दिवस गेले आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी माझं ताट आपल्या ताब्यात घेतलं. सकाळी एक पोळी, पातळ वरण, भात नावाला. संध्याकाळी अर्धी भाकरी. दूध-तुपाचं नाव नाही. दुसरी पोळी मागितली की म्हणत, "पोर पोटात फार वाढलं की अडतं, बाई. लहानच असू दे. बाहेर आल्यावर हवं तेवढं वाढव."

यात कंजूषपणा नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझ्या वन्सं, पहिल्याच बाळंतपणात मूल अडून गेल्या होत्या. माहेरी आलेल्या लेकीला सासूबाईंनी हौसेनं खीर, लाडू, सगळं खाऊ घातलं होतं. आपणच भरवून तिला मारलं, हे त्यांच्या मनानं पक्कं घेतलं होतं. आता माझ्यावर माया करायची तर मला उपाशी ठेवायचं! मला भांडावंसं वाटे, पण भांडू कोणाशी? मी अर्धी भाकरी खात असताना पाठीवरून हात फिरवणाऱ्या बाईशी?

पाचव्या महिन्यात मी चुलीची माती खरवडून खाऊ लागले. यजमानांनी पाहिलं आणि खूश झाले. मातीचे डोहाळे लागले म्हणजे मुलगा पृथ्वीचा धनी होणार म्हणे. कारकुनाच्या घरी राजा! मीही हसले. मग जिन्याच्या चार पायऱ्या चढले की धाप लागायला लागली, ओठांचा रंग गेला. शेजारची माळवी बाई मला उजेडात उभी करून म्हणाली, "बऊ तो घणी गोरी वईगी!" गोरी झाले म्हणून माझी दृष्टसुद्धा काढली.

पुढे पाय सुजले, चेहरा फुगला. सासूबाईंनी मला निरखून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, तू तर अंग धरलंस! एवढ्याशा खाण्यावर?" मी चोरून खाते असं त्यांना वाटलं. त्यांनी माझी संध्याकाळची भाकरी बंद केली.

सातव्यात डोहाळजेवण झालं. मला फुलांनी मढवलं, पुढे भरलेलं ताट ठेवलं, बायका गाणी म्हणत होत्या आणि मी खिरीकडे पाहत होते. प्रत्येक पदार्थाचा एकेक घास झाल्यावर सासूबाईंनी ताट हळूच बाजूला सरकवलं. मला संताप आला, पण रडले ती माहेरी जायच्या आनंदानं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

देवासला आईनं मला दारातच पाहिलं आणि म्हणाली, "सासरचं अन्न चांगलं मानवलंय हो!" संध्याकाळी ती पायांना तेल लावत होती, तेव्हा तिचा अंगठा माझ्या नडगीत रुतला आणि उचलला तरी खळगा तसाच राहिला. "हे काय गं?" तिनं विचारलं. मी भाकरीचं सगळं सांगितलं. ती रागानं उठली, दुधाचं भांडं घेऊन आली आणि ओतता ओतता थांबली. "पण विहीणबाईंचं खरं असलं तर?" शेवटी अर्धी वाटी दूध दिलं. पोटभर द्यायचा धीर तिलाही झाला नाही.

दिवस पुरे भरायच्या आतच मी बाळंत झाले, तीही अगदी सहज. मुलगा होता. सुपात ठेवला तर सूप रिकामंच वाटे. त्याला ओढून पिता येत नव्हतं, आणि मला दूधही नीट आलं नाही. सासूबाई धारहून आल्या त्या स्वतः शिवलेली कुंची घेऊन. लहान मूल हवं म्हणणाऱ्या बाईनं कुंची मात्र चांगली ऐसपैस शिवली होती. ती घातली तर त्याचं तोंडच दिसेना. बारशाच्या आतच तो गेला. मी इथे त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते ठेवायचंच राहिलं.

सासूबाईंनी मला उराशी धरलं. "तू राहिलीस, तू राहिलीस," एवढंच म्हणत होत्या. त्यांनी मला वाचवलं, की माझं मूल घालवलं? मी पोटभर जेवले असते तर तो राहिला असता आणि मी वन्संच्या वाटेनं गेले असते का? कोणी नशीब म्हटलं, कोणी नजर. माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता, आणि त्या बाईचा रागही धड करता येईना.

धारला परतल्यावर वर्षा-दीड वर्षानं पुन्हा दिवस गेले. सासूबाईंनी मला ताटावर बसवलं, एक पोळी वाढली आणि दुसरी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सगळं ठाऊक असलेल्या त्या बाईनं त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, "किती वाढू गं? मला काही कळेनासं झालंय."

मला तरी कुठे कळत होतं? भीती दोन्हीकडे होती. भूक लागली होती, एवढंच खात्रीचं होतं.

"पोटभर," मी म्हटलं.

त्यांनी पोळी वाढली, वर तूप घातलं आणि माझं जेवण होईपर्यंत समोर डोळे मिटून, हात जोडून बसल्या. पुढेही रोज तशाच बसत.

मुलगी झाली. कळा फार सोसल्या, पण दोघी सुटलो. सासूबाईंनी जपून ठेवलेली तीच कुंची काढली. ती हिला घट्ट झाली. त्या बंद ओढत राहिल्या, मग कुंची मांडीवर टाकून तोंडाला पदर लावून रडल्या. आपल्या गेलेल्या लेकीसाठी, माझ्या त्या पहिल्यासाठी, की मला अर्ध्या भाकरीवर ठेवलं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.